लिंबूटिंबूला शिकवायचं कोणी?

हेडफोन लावा, बसमध्ये असाल तर दारातून थोडं आत सरका, आणि सुरुवात करू. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून काढलाय. बोलताना जे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' झाले ते बरेचसे काढलेत. सगळे नाही निघाले, सांभाळून घ्या.

आजचा विषय माझ्या एका चुकीवरून सुचला, म्हणून आधी ती चूक सांगतो.

मागच्या दिवाळीत आम्ही सगळे मामाकडे कराडला जमलो होतो. माझी मामेबहीण नववीत आहे. मामीचा जुना फोन नुकताच तिच्याकडे आला होता आणि तिने त्यावर तो गेम टाकला होता. तोच, पॅराशूटमधून उडी मारायची आणि शेवटपर्यंत जिवंत राहायचं. नाव घेत नाही, तुम्हाला कळलंय. ती म्हणाली, "दादा, मला शिकव ना." झालं. दादाची कॉलर ताठ.

मी काय केलं, तिला सरळ माझ्या स्क्वॉडमध्ये घेतलं. माझ्यासोबत कॉलेजचे दोन मित्र, तिघंही वरच्या टियरला. आता अशा गेममध्ये मॅच जुळवताना आमचा टियर बघितला जातो, त्यामुळे समोर येणारी पोरं आमच्या तोडीची. ही बिचारी कालपर्यंत जे सोपे, अर्धे बॉट असलेले सामने खेळत होती, ती एकदम आमच्यात. पहिल्या मॅचला जमिनीवर पाय टेकून मिनिटभर झालं नसेल, गेली. दुसऱ्या मॅचला तिला गन सापडली, पण गोळ्या दुसऱ्याच गनच्या. तिसऱ्या मॅचला मी म्हटलं, "तू काहीच करू नकोस, नुसती माझ्या मागे मागे ये." आली. मी आपला चालूच: डावीकडे बघ, खाली बस, स्कोप उघड, अगं तो नाही, तो दुसरा, पळ, पळ, थांब! तेवढ्यात माइकवर एक मित्र म्हणाला, "अरे हिला कशाला आणलंस, रँक चाललाय."

माइक चालू होता. तिने ऐकलं.

ती एवढंच म्हणाली, "दादा, आई बोलावतेय." आणि बाहेर पडली. मामी स्वयंपाकघरात चकल्या तळत होती. ती कोणालाही बोलावत नव्हती.

त्या दिवसानंतर तिने तो गेम उघडला नाही. मला तेव्हा वाटलं, पोरीला इंटरेस्ट नाही. माझा विषय संपला. तो संपला नव्हता हे मला फेब्रुवारीत कळलं, पण ते शेवटी सांगतो.

आता मूळ मुद्दा. गेममध्ये नवीन माणूस आला की त्याचं काय करायचं, हा प्रश्न गेम बनवणाऱ्यांना पैशाचा असतो आणि खेळणाऱ्यांना डोकेदुखीचा. नवीन लोक आले नाहीत तर गेम मरतो, आणि आले की जुने वैतागतात. आपल्याकडे गल्लीत यावर एक जुना तोडगा होता. आठवतोय? लिंबूटिंबू. काही ठिकाणी कच्चं लिंबू म्हणतात. धाकट्या भावंडाला घेतल्याशिवाय आई खेळायला सोडायची नाही, मग त्याला लिंबूटिंबू करायचं. तो पळणार, ओरडणार, पण आउट झाला तरी आउट नाही. त्याच्यावर राज्य नाही.

मी स्वतः दोन वर्षं लिंबूटिंबू होतो. पहिला आठवडा मजा येते. मग एक दिवस लक्षात येतं की आपण आउट होत नाही कारण आपण खेळातच नाही. कोणी आपल्याला पकडायलाही येत नाही. त्या दिवशी मी घरी जाऊन रडलो होतो, हे आज पहिल्यांदाच सांगतोय.

तर गेममधलं शिकवणं म्हणजे या लिंबूटिंबूला खऱ्या खेळात कसं आणायचं, एवढंच आहे. तीन-चार गेमनी हे वेगवेगळ्या तऱ्हेने करून बघितलंय.

सगळ्यात आधी ज्या गेमने मला शिकवलं तो. ईव्ह ऑनलाइन. फोनवरचा नाही, कॉम्प्युटरवरचा. 2003 मध्ये आइसलँडच्या सीसीपी या कंपनीने काढला, आणि अजून चालू आहे. अंतराळ, जहाजं, खाणकाम, व्यापार, लढाया. चीनचा वेगळा सर्व्हर सोडला तर जगभरातले सगळे एकाच विश्वात खेळतात. 2016 पासून त्याचा एक भाग फुकट खेळता येतो, आणि 2020 च्या लॉकडाउनमध्ये माझ्याकडे पैसे नव्हते आणि वेळ भरपूर होता. शिवाय तो गेम सेकंदाच्या ठोक्यावर चालतो, म्हणजे तुम्ही दिलेला हुकूम सर्व्हर दर सेकंदाला एकदा बघतो. त्यामुळे आमच्याकडच्या रडतखडत चालणाऱ्या नेटवरही खेळता येतो. पिंगचं रडगाणं नाही. रोज दुपारी साडेचारला थोडा वेळ सर्व्हर बंद होतो, तेव्हा मी चहा घ्यायचो. लॉकडाउनमध्ये माझं घड्याळ तेच होतं.

या गेमची ख्याती अशी की तो नवीन माणसाला मारून टाकतो. खोटं नाही. सुरक्षित म्हणवल्या जाणाऱ्या भागातही तुमच्यावर हल्ला होऊ शकतो. पोलीस येतात, पण ते हल्लेखोराचं जहाज फोडायला येतात, तुमचं वाचवायला नाही. आणि एकदा जहाज फुटलं की फुटलं. पुन्हा विकत घ्या.

मी महिनाभर खाणकाम करून जे जमवलं ते सगळं एका मालवाहू जहाजात भरलं, ऑटोपायलट लावला आणि चहा प्यायला गेलो. परत आलो तर मी एका छोट्याशा कॅप्सूलमध्ये तरंगतोय. जहाज नाही, माल नाही. ऑटोपायलट तुम्हाला थेट गेटवर उतरवत नाही, थोडं अलीकडे उतरवतो, आणि तिथून जहाज बैलगाडीच्या चालीने गेटपर्यंत जातं. तेवढ्यात ते उभेच असतात.

मी त्या माणसाला पाठवायला तीन ओळी शिव्या टाइप केल्या. पाठवणार तेवढ्यात त्याचाच मेसेज आला. त्याने लिहिलं होतं की तुझा माल तुझ्या जहाजापेक्षा कितीतरी महाग होता, म्हणून आम्ही मारलं. स्वस्त माल असता तर बघितलंही नसतं. पुढच्या वेळी हाताने चालव, दोन फेऱ्या कर, आणि जहाजाला थोडं चिलखत लाव. सोबत त्याने गेममधले पैसे पाठवले होते. माझा सगळा माल भरून निघेल इतके नाही, पण नवं जहाज येईल इतके.

मी शिव्या पुसल्या. मग त्याला विचारलं, "चिलखत म्हणजे नेमकं काय लावू?" आणि आम्ही तासभर बोललो. ज्याने लुटलं त्याच्याकडूनच शिकवणी!

हे मला एकट्याला घडलं असं नाही, त्या गेममध्ये ही पद्धतच आहे. नवख्याला मारलं की अनेक जुने खेळाडू त्याला समजावून सांगतात, पैसे देतात. आणि प्रत्येक जहाज फुटलं की त्याचा एक पंचनामा तयार होतो: कोणतं जहाज, त्यावर काय काय बसवलं होतं, कोणी कोणी गोळ्या घातल्या. हे पंचनामे सगळ्यांना बघायला मिळतात. शिक्षकाला यापेक्षा चांगली उत्तरपत्रिका कुठे मिळणार? तो उघडून दाखवतो, हे बघ, हे इथे चुकलं.

सीसीपीने 2015 मध्ये त्यांच्या फॅनफेस्टमध्ये असं मांडलं होतं की ज्या नव्या खेळाडूंचं जहाज सुरुवातीच्या दिवसांत फुटतं ते न फुटलेल्यांपेक्षा जास्त टिकतात. ऐकायला भारी वाटतं, पण मी यावरून 'मारा म्हणजे शिकतील' असं म्हणणार नाही. जो जास्त फिरतो त्याचंच जहाज जास्त फुटतं, आणि जो जास्त फिरतो तो तसाही टिकणारच होता. माझं मत वेगळं आहे. फुटल्यानंतर कोणीतरी बोलायला येतं, त्यावर सगळं आहे. माझ्या मामेबहिणीला माझ्या गेममध्ये तीनदा मारलं, आणि नंतर बोलायला जो आला तो 'रँक चाललाय' म्हणाला.

याच ईव्हमध्ये खेळाडूंनीच 2004 मध्ये एक विद्यापीठ काढलंय. हसू नका, खरंच नाव ईव्ह युनिव्हर्सिटी आहे. गेममधलीच एक संस्था, काम एकच, नवीन लोकांना शिकवणं. फी नाही. जुने खेळाडू व्हॉइस चॅटवर वर्ग घेतात, त्यांचा मोठा विकी आहे, आणि तिथून शिकून लोक दुसऱ्या संस्थांमध्ये जातात. शिकवून तयार केलेला माणूस दुसरीकडे जाणार हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असतं. आपल्याकडच्या कोणत्या क्लासला हे चालेल?

माझे वर्ग रात्री साडेबारा-एकला असायचे, कारण तिकडे युरोपात संध्याकाळ. इंग्रजी माझं बेताचं. पण खरं शिक्षण वर्गात झालंच नाही, ते झालं ताफ्यात. पहिल्याच आठवड्यात मला लढाईला नेलं. मी म्हटलं, मला काहीच येत नाही. म्हणाले, तुला एकच काम. सगळ्यात स्वस्त, छोटं, वेगवान जहाज घे. शत्रू दिसला की जवळ जा आणि त्याला धरून ठेव. एक यंत्र असतं, ते लावलं की समोरच्याला पळून जाता येत नाही. बाकी आम्ही बघतो.

मी धरलं. वीस सेकंद धरलं असेल. माझं जहाज फुटलं. पण तेवढ्यात बाकीचे पोचले आणि ते मोठं जहाज पडलं. नंतर व्हॉइसवर त्या ताफ्याच्या म्होरक्याने विचारलं, कोणी धरलं होतं? आणि माझं नाव घेतलं. चुकीचा उच्चार करून. मी रात्री दोन वाजता घरात नाचलो, आजी उठली.

माझ्या जहाजाचे पैसे संस्थेने भरून दिले. अशा बऱ्याच संस्थांमध्ये ही सोय असते. म्हणजे नवख्याच्या चुकीचा खर्च गट उचलतो. हे फार महत्त्वाचं आहे, मी यावर जरा थांबतो. मी त्या मोहिमेत लिंबूटिंबू नव्हतो. माझं काम छोटं होतं, पण मी ते केलं नसतं तर शिकार निसटली असती. आणि मेलो तरी माझं दिवाळं निघणार नव्हतं. काम खरं, चूक स्वस्त. या दोन गोष्टी एकत्र आणणं हीच सगळी कला आहे, आणि ती फार थोड्यांना जमते.

1991 मध्ये जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर या दोघांचं शिकण्यावर एक पुस्तक आलं. त्यात लायबेरियातल्या शिंप्यांचं उदाहरण आहे, लेव्हबाईंनी तिथे जाऊन अभ्यास केला होता. तिथे शिकाऊ पोरगा कापड कापण्यापासून सुरुवात करत नाही. तो शेवटापासून सुरू करतो. आधी बटणं लावणं, हातशिलाई, कडा दुमडणं. मग शिलाई. कापणं सगळ्यात शेवटी. का? बटण चुकलं तर उसवून परत लावता येतं. कापड चुकीचं कापलं तर गेलं. आणि बटण लावता लावता त्या पोराच्या हातात अख्खा तयार कपडा रोज येतो, शेवटी काय दिसायला हवं ते त्याला आधीच कळतं.

आपल्याकडच्या टेलरच्या दुकानातही हेच. काज-बटण करणारा पोरगा पायरीशी बसलेला असतो. मास्तर त्याला शिकवताना दिसत नाही. पण तो बघत असतो आणि त्याने लावलेलं बटण गिऱ्हाईक खरंच वापरणार असतं. ईव्हमध्ये शत्रूला धरून ठेवणं हे माझं काज-बटण होतं. आणि दिवाळीत मी माझ्या बहिणीला एकदम कात्री दिली. नाही, तेही नाही. कात्री माझ्याच हातात ठेवली आणि तिला नुसतं मागे यायला सांगितलं.

आता दुसरा प्रकार. कंपनीनेच शिकवणारे नेमायचे. फायनल फँटसी फोर्टीन हा जपानच्या स्क्वेअर एनिक्सचा गेम. त्यात नवीन खेळाडूच्या नावाशेजारी हिरवा कोंब दिसतो. छोटंसं रोपटं. म्हणजे लिंबूटिंबूचा बिल्लाच, पण प्रेमाने लावलेला. आणि शिकवणाऱ्याच्या नावाशेजारी मुकुट. नवख्यांसाठी वेगळं चॅट आहे, तिथे कोंबवाले प्रश्न विचारतात आणि मुकुटवाले उत्तरं देतात.

यातली एक कल्पना मला जाम आवडते. गटात कोणी एखादी मोहीम पहिल्यांदा करत असेल तर सगळ्यांना आधी सूचना येते की आपल्यात कोणीतरी नवीन आहे, आणि मोहीम पूर्ण झाली की सगळ्यांना जादा बक्षीस मिळतं. बघा काय केलं. जो ओझं वाटला असता त्याच्यामुळेच बोनस. मग लोक 'अरे नवीन आहे' म्हणून कपाळाला हात लावत नाहीत. हरले तरी पुन्हा करतात. स्वभाव सुधारायची वाट बघितली नाही, हिशोब बदलला.

आणि त्याच गेममध्ये बक्षिसाने घोटाळाही केलाय. मुकुट मिळवायला बऱ्याच अटी आहेत, त्यातली एक म्हणजे इतर खेळाडूंकडून 1500 शाबासक्या. ठीक आहे. पण मुकुटवाल्यांसाठी एक खास रांग आहे, त्यातून 2000 मोहिमा पूर्ण केल्या की एक दुर्मीळ वाहन मिळतं. झालं. वाहनासाठी लोक आले. मुकुट आहे, पण शिकवायची इच्छा नाही, उत्तर विचारलं तर खेकसतात. तिथले खेळाडूच आता मुकुटाची चेष्टा करतात, बर्गरच्या दुकानात मिळणाऱ्या कागदी मुकुटासारखा म्हणतात. चांगले मुकुटवालेही आहेत, खूप आहेत, पण काही चांगले लोक तो मुकुट मुद्दाम लावत नाहीत. आणि चॅटमध्ये कितीतरी वेळा मुकुटवालेच आपसात गप्पा मारत असतात. कोंबवाला बिचारा प्रश्न टाकतो, तो वर सरकून जातो. व्हॉट्सॲपच्या सोसायटी ग्रुपमध्ये नवीन भाडेकरूचं होतं, तसं.

तर शिकवणाऱ्याला काहीतरी मिळालं पाहिजे, हे मला मान्य आहे. फुकटात कोणी किती दिवस करणार? पण जे मिळेल ते शिकवण्याच्या मोजमापावर हवं, हजेरीच्या नाही. हे अवघड आहे, कारण कोणी किती शिकलं ते मोजायचं कसं? शाळांना जमलेलं नाही, गेम कंपन्यांना काय जमणार.

एक छोटी गोष्ट मध्येच सांगतो. उंचीचा फरक कसा मिटवायचा यावर 2004 मध्येच सिटी ऑफ हीरोज नावाच्या गेमने मस्त सोय काढली होती. नवखा सुपरहिरो जुन्याचा साथीदार झाला की त्याची ताकद तेवढ्यापुरती वर चढायची, जुन्याच्या जवळपास. उलटही व्हायचं, जुना खाली उतरू शकायचा. तो गेम 2012 मध्ये कंपनीने बंद केला, पण खाली उतरायची ती पद्धत आज अनेक गेममध्ये आहे. आमच्या फोनवरच्या गेममध्ये अशी सोय नव्हती, पण मी तिला साध्या, रँक नसलेल्या सामन्यात नेऊ शकलो असतो. ट्रेनिंगच्या मैदानात नेऊ शकलो असतो. सुचलं नाही, कारण मला शिकवायचं नव्हतं. मला माझा खेळ दाखवायचा होता. आणि हो, 'मग नवीन आयडी काढून खालच्या सामन्यात जायचं ना' असं कोणी म्हणेल. नको. तुमच्या एका बहिणीसाठी समोरच्या बाजूच्या कितीतरी नवख्यांचा तुम्ही भुगा करता. त्यांनाही कोणीतरी दादा असतोच.

आता फोनवाल्यांनो, तुमचा गेम. स्काय: चिल्ड्रन ऑफ द लाइट. दॅटगेमकंपनीने काढलेला, 2019 मध्ये आयफोनवर आणि 2020 मध्ये अँड्रॉइडवर आला. यांचाच आधीचा गेम जर्नी, 2012 चा, प्लेस्टेशनवरचा. त्यात वाळवंटात तुम्हाला एक अनोळखी माणूस भेटतो. नाव नाही, बोलणं नाही, फक्त एक सूर काढता येतो. जर्नी बनवताना आधी खेळाडू एकमेकांना ढकलू शकत होते. हेतू चांगला होता, चढायला मदत व्हावी. पण लोक एकमेकांना खड्ड्यात ढकलायला लागले! बनवणारे जेनोव्हा चेन यांनी हे मुलाखतींत सांगितलंय. मग त्यांनी ढकलणंच काढून टाकलं. उलट दोघं जवळ आले की दोघांना शक्ती मिळेल असं केलं. तीच माणसं एकमेकांची वाट बघायला लागली. माणूस वाईट आहे की चांगला या वादात पडण्याआधी मी आता नेहमी विचारतो, त्याला ढकलायचं बटण कोणी दिलंय?

स्कायमध्ये हे आणखी पुढे नेलंय. अनोळखी माणूस आधी नुसती करडी आकृती दिसतो. दोघांनी मेणबत्त्या लावल्या की मग एकमेकांचे चेहरे दिसतात. गप्पा मारायच्या तर मैत्री टप्प्याटप्प्याने वाढवावी लागते, किंवा बाकावर शेजारी बसावं लागतं. पण हात धरणं लवकर मिळतं. एकाने हात पुढे केला, दुसऱ्याने धरला, की धरणारा नुसता सोबत जातो, पुढचा उडतो तर हाही उडतो. काही दारं एकट्याने उघडतच नाहीत. नवख्यांना तिथले लोक 'मॉथ' म्हणतात, पतंग, दिव्याकडे झेपावणारा. 'नूब' हा शब्द आठवा आणि हा शब्द आठवा. दोन्हींचा अर्थ नवीन माणूसच.

यात धोका नाही का? आहे. कुठल्याही गेममध्ये आहे. शिकवतो म्हणणारा जर गेमच्या बाहेर बोलवायला लागला, नंबर मागायला लागला, 'तुझा आयडी दे, मी लेव्हल वाढवून देतो', 'ओटीपी आला असेल तो सांग', तर तो गुरू नाही, चोर आहे. चांगला शिकवणारा तुमचा फोन मागत नाही. आणि मुलींनो, माइक बंद ठेवून खेळावं लागतं हे मला माहीत आहे. आवाज ऐकला की पुढचे दहा मिनिटं 'मुलगी आहेस का' हेच चालतं. ब्लॉक आणि रिपोर्ट करताना अजिबात लाजू नका. घरी सांगायला भीती वाटते की फोनच काढून घेतील, तर निदान एखाद्या मोठ्या भावंडाला सांगा.

तर फेब्रुवारी. मी पुन्हा कराडला गेलो होतो, मामाच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. रात्री हॉस्पिटलच्या बाहेरच्या बाकड्यावर मी आणि मामेबहीण. तिच्या फोनवर स्काय चालू. मी बघत राहिलो. ती एका मॉथला हात धरून घेऊन चालली होती. सोनेरी ओसाड प्रदेश आहे त्यात एक, तिथे वर काळे, मोठे प्राणी फिरतात. त्यांच्या निळ्या प्रकाशाचा झोत तुमच्यावर पडला की तो लाल होतो आणि ते झडप घालतात. तुमचे पंख जातात, म्हणजे उडायची ताकदच. ती त्या मॉथला घेऊन एका पाइपात शिरली आणि थांबली. थांबूनच राहिली. मला वाटलं हँग झालं. म्हटलं, "चल की." ती म्हणाली, "दादा, तो जाऊ दे ना वरून."

मी विचारलं, "तुला कोणी शिकवलं हे?"

"माहीत नाही."

म्हणजे खरंच माहीत नाही. स्कायमध्ये समोरच्याचं नाव दिसत नाही, तुम्हीच त्याला नाव ठेवायचं. तिने नाव ठेवलं होतं टोपीवाला. हा टोपीवाला कुठल्या देशातला, मुलगा की बाई की आजोबा, काही कळायला मार्ग नाही. त्यांनी एका शब्दाचं चॅट केलेलं नव्हतं. टोपीवाल्याने तिला त्या प्रदेशातून तीनदा हात धरून नेलं. दर वेळी त्याच पाइपात थांबून. चौथ्या वेळी तो दाराशी आला आणि बसला. हात पुढे केला नाही. ती सांगत होती, "मला वाटलं तो गेला, नेट गेलं असेल. पण तो मान हलवत होता. मग मला कळलं." मग तिने हात पुढे केला. त्याने धरला. आणि ती त्याला घेऊन गेली, ज्याला तो रस्ता पाठ होता त्याला. मध्ये एकदा चुकली, दोघांना फटका बसला, दोघांचे पंख गेले. तो तिच्या मागेच राहिला.

मी त्या बाकड्यावर गप्प बसलो. माझ्या दिवाळीच्या तीन मॅचमध्ये मी किती शब्द बोललो असेन?

टोपीवाला नंतर काही आठवडे दिसला नाही, म्हणाली. ती रोज बघते.

मग मी तिथेच स्काय डाउनलोड केला. हॉस्पिटलच्या वायफायवर, तासभर लागला. खाली आयसीयूच्या दाराशी मामी बसली होती, तिला दोनदा चहा नेऊन दिला तेवढ्यात. मी मॉथ. तपकिरी केप, एक पंख. बहीण आली, मेणबत्ती लावली, मी लावली, आणि तिच्या स्क्रीनवर मला नाव ठेवायची चौकट आली. मी आपला माझ्या फोनवर बटणं शोधत होतो. तिने काहीतरी टाइप केलं आणि हात पुढे केला.

थोड्या वेळाने मी तिच्या फोनमध्ये डोकावलो. माझ्या डोक्यावर नाव होतं, 'आई बोलावतेय'.

मी सॉरी म्हटलं. अगदी नीट, पूर्ण वाक्यात, दिवाळीचं नाव घेऊन.

ती फोनमधून वर न बघता म्हणाली, "बरं. आता हात सोडू नको, पुढे जंगल आहे, पावसात ताकद जाते."